झग्याची उंची

शनिवार, रात्रीचे साडेनऊ.
घोरपडीचं रेल्वे फाटक पडलेलं,
आणि माझ्या मशीनवर
एका सहा फुटी माणसाचा पांढरा झगा.
उद्या तो विनयाबाईंना घालायचा आहे.
त्या पाच फूट. चपलेसकट.

उजागरे पाळकांसाठी तो मीच शिवला होता,
सव्वीस वर्षं झाली.
कॉलरीपाशी त्यांच्या तेलाचा पिवळा पट्टा,
उजव्या बाहीवर द्राक्षारसाचा एक थेंब,
कुठल्याच साबणाला न जुमानलेला.
नवा शिवून देतो म्हटलं, फुकट.
त्या म्हणाल्या, बाबूकाका,
मंडळीच्या खात्यात अकरा हजार चारशे आहेत
आणि वेदीवर छत गळतंय.
म्हटलं, फुकट म्हणालो ना.
म्हणाल्या, मग कापडाचे पैसे छताला द्या.

पाळक असं बोलायला लागले
की टेप गळ्यात अडकवून गप्प बसावं.

यंदा सगळेच नवे.
चिटणीस सुदिन कसबे,
खराडीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो.
पहिल्याच बैठकीत म्हणाला, वह्या बघू.
कपाट उघडलं तर
सत्त्याऐंशी सालापासूनचं ऑडिट
वाळवीनं आधीच पूर्ण केलेलं.
खजिनदार मार्था ओहोळ, ससूनमधली निवृत्त नर्स,
दानाची थैली अशी धरते
जशी नाडी सापडत नसलेला हात.

मागच्या अंगणाचा दावा चालूच आहे.
दोन्ही गटांचे वकील
कोर्टाबाहेर एका प्लेटीतली भजी खातात.
बोर्डावरच्या ‘लूथरन’मधला लू
मागच्या वादळात पडला;
फाटकाजवळचे रिक्षावाले ‘थरन चर्च’ म्हणतात
आणि आम्हीही ओ देतो.

माझा नातू मगरपट्ट्याला जातो उपासनेला.
तिथे ड्रम आहेत, रंगीत दिवे आहेत.
म्हणतो, आजोबा, आपल्याकडे स्तोत्राला उभे राहिले
की आधी सगळ्यांचे गुडघे वाजतात.
रागावलो मी.
मग रविवारी कान देऊन ऐकलं.
वाजतात.

संध्याकाळी गोर्डे येऊन गेला.
उंबऱ्यातूनच म्हणाला,
बाईच्या हातून प्रभुभोजन मी घेणार नाही, सांगून ठेवतो.
मी सुईत दोरा ओवत होतो.
घरी कुणाच्या हातची भाकर खातोस रे,
हे सुचलं, तोवर तो फाटकापलीकडे गेला होता.

आणि सुचलं असतं तरी?
मतदानाच्या दिवशी
माझाही हात मांडीवरच होता.
विनयाबाईंनी तो पाहिला असणार.
पहिल्या रांगेत तर बसल्या होत्या.
तरी माप द्यायला माझ्याकडेच आल्या,
हात आडवे पसरून उभ्या राहिल्या,
लहान मूल उभं राहतं तशा.

खाली सव्वा वीत कापड जास्त आहे.
कापू की आत दुमडू, विचारलं.
पुढे कुणी उंच पाळक आला, तर लागेल.
म्हणाल्या, कापा.
पुढच्याचं पुढचा बघेल,
मला उद्या पायऱ्या चढायच्या आहेत.

खडूनं रेघ मारली.
कात्री धरली. ठेवली.
मालगाडी गेली, फाटक उघडलं,
खोळंबलेले हॉर्न एकदमच सुटले.
पुन्हा धरली.

रविवार. तिसरा बाक, माझी जागा.
बाई वेदीची पहिली पायरी चढल्या,
आणि डाव्या हातानं झगा उचलला,
डबकं ओलांडताना निऱ्या उचलतात तसा,
इतक्या सवयीनं
की कुणाला काही खटकलं नाही.
मला दिसलं.
दोन बोटं लांब राहिला होता.

माप चुकलं,
असं सांगेन विचारलं तर.
पण त्या विचारणार नाहीत.

गोर्डे बाकावर बसून राहिला, हाताची घडी घालून.
मी उठलो. गुडघे वाजले.
ओंजळ पुढे केली.
भाकरीचा तुकडा ठेवताना
त्यांची बाही माझ्या मनगटाला लागली,
तीच, डागाची.

सोमवारी म्हणेन, झगा पुन्हा पाठवा.
कात्रीला धार लावून ठेवतो.